उत्तर आलं नाही तर

फोन करकरून घसा बसण्याचे माझे दिवस आता संपले, असं मी आमच्या डॉक्टरबाईंना छातीठोकपणे सांगितलं होतं! आमच्याकडे गुडघेदुखीच्या एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे. त्यातल्या ज्येष्ठ मंडळींना तपासणीच्या तारखेची आठवण करून देणं हे माझं काम. आता कॉम्प्युटर आपोआप मेसेज पाठवणार, मंडळी 'हो' कळवणार आणि मी खुर्चीत पाय पसरून बसणार!

सगळ्यांना जमवून मी नीट समजावलंसुद्धा. "मेसेजला उत्तर आलं नाही, तर मी फोन करणार. फोनही उचलला नाही, तर थेट घरी येऊन धडकणार! सुटका नाही!" मंडळी मन लावून ऐकत होती. जरा जास्तच मन लावून, हे आता कळतंय.

मेसेज गेले. उत्तर? एकाचंही नाही!

डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला. "अगं, तारखा चुकल्या तर माणसं चाचणीतून बाद होतील. इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात!"

मी फोनला चिकटले. बघते तर काय, जो तो पहिल्याच रिंगला हजर!

"काकू, मेसेज मिळाला ना?"

"मिळाला की! येणारच आहे मी. तू जेवलीस का? आवाज का गं असा?"

घसा बसला होता, दुसरं काय!

फक्त टेलरकाका फोन उचलेनात. पुन्हा केला, पुन्हा केला. बायको गेल्यापासून ते एकटेच राहतात. जिन्यात पडलेबिडले असतील तर? धावत सुटले. त्यांचे जिने चढता चढता माझेच गुडघे कुरकुरायला लागले.

दार सताड उघडं! काका इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत. फोन मांडीवर, गॅसवर चहा, ओट्यावर दोन कप.

"काका! फोन का नाही उचललात?"

"उचलला असता तर तू आली असतीस का?"

चांगलं झापायला म्हणून तोंड उघडलं आणि मला रडूच फुटलं. काका गडबडले. "अगं, रडतेस काय! घरी येईन असं तूच म्हणाली होतीस ना? त्या यंत्राला 'हो' कळवलं की विषय संपला. आज मी कठडा न धरता जिना उतरलो, ते त्याला काय सांगू?"

"खरंच उतरलात?"

"मग! सकाळपासून कुणाला तरी सांगायचं होतं."

राग कुठल्या कुठे गेला. चहा फार गोड झाला होता, तरी दोन कप प्यायले. निघताना मात्र दटावलं, "काका, तपासणीला वेळेवर यायचं. आणि बाकीच्यांना यातलं अक्षरही सांगायचं नाही!"

"छे छे! मी कशाला सांगतोय!"

आता पुढच्या तपासणीचे मेसेज गेलेत, आणि आज सकाळपासून कुणीच फोन उचलत नाहीये. डॉक्टरबाई डोक्याला हात लावून बसल्यात, आणि मी चपला शोधतेय!