प्रसादाला ग्लुटेन नसतं

ठाकुर्लीच्या शुभसंकल्प सहकारी गृहनिर्माण संस्थेने विशेष सर्वसाधारण सभेत ग्लुटेनचा त्याग केला. सभा खरं तर पाण्याच्या टाकीच्या गळतीवर होती. पण अध्यक्ष बाबुराव नलावडे यांनी सकाळीच मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. गहू सोडला की माणूस दहा वर्षांनी तरुण दिसतो, हे त्यांना मनोमन पटलं होतं. गळती पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाली. ग्लुटेन म्हणजे गव्हातलं काहीतरी चिकट, एवढं आम्हा सभासदांना कळलं आणि बाकीचं कळायच्या आत आम्ही हात वर केले. गेटवर बोर्ड लागला : 'ग्लुटेनमुक्त संकुल'. वॉचमनने पाववाल्याला आत सोडणं बंद केलं. तेव्हापासून कमिटी बैठकीतला वडापाव गेटबाहेर उभी राहून खाते. नियम म्हणजे नियम.

या ठरावाने आनंदाने रडलेली एकच व्यक्ती म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची करिश्मा. तिच्या सात वर्षांच्या सान्वीला गहू खरोखरच चालत नाही. चमचाभर रवा पोटात गेला तरी पोर कळवळते, आणि हे जन्मभराचं आहे असं डॉक्टरांनी सांगितलंय. प्रत्येक वाढदिवसाला, प्रत्येक हळदीकुंकवाला सान्वी स्वतःचा डबा घेऊन कोपऱ्यात बसायची. यंदा सोसायटीच्या पूजेला ती सगळ्या मुलांच्या पंगतीत बसून जेवणार, या कल्पनेनेच करिश्माचा पाय जमिनीवर ठरेना.

तिने बायकांना शिकवायला सुरुवात केली. ज्वारीच्या पिठाचे वडे, मूगडाळीचे चिले, नाचणीचे लाडू, तांदळाचे जाळीदार घावणे. पदार्थ इतके चविष्ट की आमच्या घरी पोळीची आठवणही निघेना. शालनकाकूंनी तर रोजचेच कांदेपोहे 'ग्लुटेन-फ्री राइस फ्लेक्स बोल' या नावाने मोहिमेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले आणि लाइकच्या अंगठ्यांचा पाऊस पडला.

पण करिश्मा तिथे थांबली नाही. ती म्हणू लागली, पोळीचा तवा घावण्यांना वापरू नका. पुऱ्या तळलेलं तेल नको. बाजारच्या हिंगपुडीत बरेचदा गव्हाचं पीठ घालतात, तेही बघून घ्या.

"वहिनी, तुम्ही जरा जास्तच टेन्शन घेता," सेक्रेटरी कमलेश म्हणाला. "ग्लुटेन आपल्याला सोडायचंय, तव्याला नाही."

"भावजी, तुमची हौस आहे. माझ्या पोरीचं पोट आहे."

"हेच ते! मोहीम कशी पॉझिटिव्ह चाललीये, त्यात आजारपण कशाला आणताय?"

कमिटीने याची गंभीर दखल घेतली आणि मोहिमेच्या ग्रुपमधून करिश्माला काढून टाकलं.

पूजेच्या आदल्या आठवड्यात ती पुन्हा बाबुरावांकडे आली. "काका, प्रसादाचा शिरा मी वरीच्या तांदळाचा करून देते. कुणाला फरकही कळणार नाही."

बाबुरावांच्या आधी शालनकाकूच उसळल्या. "देवाला कळेल ना गं! सत्यनारायणाला सव्वा किलो रवाच लागतो. देवापुढे कसली आलीयेत पथ्यं?"

पेच मोठा होता. एकीकडे देव, दुसरीकडे गेटवरचा बोर्ड. बाबुरावांनी रात्रभर विचार करून ठराव मांडला : 'प्रसादातील ग्लुटेन हे ग्लुटेन समजण्यात येऊ नये.' एकमताने मंजूर. करिश्माचा हात खालीच होता, पण तिने विरोधाचं कारण लेखी दिलं नव्हतं.

पूजेच्या दिवशी करिश्मा मागच्या बाजूला स्वतःच्या तव्यावर घावणे काढत होती. सान्वी नवा परकर घालून पंगतीत बसली होती, अगदी मधोमध. शालनकाकूंनी तिच्या पानात शिऱ्याची मूद ठेवली.

"आज्जी, यात गहू आहे?" तिने विचारलं. आईने तिला विचारायला शिकवलं होतं.

"अगं राणी, गेटवरचा बोर्ड वाचता येतो ना तुला? आपल्या सोसायटीत गहूच नाही. आणि प्रसादाला नाही म्हणू नये."

सान्वी दुसरीत आहे. तिला चांगलं वाचता येतं. तिने शिरा खाल्ला, आणि आवडला म्हणून आणखी मागितला.

संध्याकाळी तिला डोंबिवलीच्या हॉस्पिटलात सलाइन लावावं लागलं.

कमिटीची तातडीची बैठक झाली. चौकशी निःपक्षपाती होती. शिरा सर्वांनी खाल्ला, कुणालाही काही झालं नाही, म्हणून शिरा निर्दोष. घावणे मात्र कमिटीच्या देखरेखीबाहेर, खाजगी तव्यावर झाले होते. सबब करिश्माकडून सात दिवसांत खुलासा मागवावा, असं ठरलं. ग्लुटेन-फ्री खाणं लहान मुलांना बाधतं, हाही निष्कर्ष निघाला आणि बोर्ड उतरवण्यात आला. सध्या संस्थेचा साखर सोडण्याचा विचार आहे.

तरी माणुसकी म्हणून आम्ही सगळे सान्वीला बघायला गेलो. आता आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? बाबुरावांनी ग्लुकोज बिस्किटं नेली. शालनकाकूंनी टोस्ट. कमलेशने खारी, तीही ताजी. पोरीच्या उशाशी बेकरी मांडली गेली.

करिश्माने सगळे पुडे एका पिशवीत भरले. मग हात जोडून म्हणाली, "हे सगळं घेऊन जा. पाया पडते तुमच्या."

केवढा अपमान! रिक्षात बसेपर्यंत आम्ही त्यावरच बोलत होतो. प्रेमाने आणलेलं असं कुणी परत करतं का?

तुम्हालाही हसू येत असेल आमचं. येऊ द्या. फक्त एवढं सांगा, शेवटचं कुणा आजाऱ्याला भेटायला गेलात तेव्हा त्याला काय चालतं हे आधी विचारलं होतंत, की हॉस्पिटलच्या कोपऱ्यावरून बिस्किटाचा पुडा उचललात?