वीस चढवले, वीस उतरवले

धंद्यात नफा असतोच, अशी सगळ्यांची श्रद्धा असते. आणि श्रद्धेची गोष्ट मोजून बघू नये, हा सभ्यपणा. गंगापूरहून येऊन उस्मानपुऱ्यात घरदुरुस्तीची कामं घेणारा ठेकेदार इंद्रजीत या बाबतीत अतिशय सभ्य होता.

त्याची पद्धत शास्त्रशुद्ध होती. खर्च काढायचा, वर वीस टक्के चढवायचे, आणि गिऱ्हाईक फारच चिवट निघालं तर चढवलेले वीस उतरवायचे. (या शहरात भाव न उतरवणारा ठेकेदार चोर समजला जातो. उतरवणाराही समजला जातो, पण त्याला काम मिळतं.) नफा गेला तरी मुद्दल शाबूत, असा त्यात सखोल विचार होता.

श्रीनिवासरावांच्या घराचा खर्च निघाला दहा लाख. भाव सांगितला बारा लाख. श्रीनिवासराव बँकेतून निवृत्त झालेले, म्हणजे दयाळूच. अर्धा कप चहा पाजून म्हणाले, "आम्हाला कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. तुम्ही वीस टक्के चढवलेत ना? तेवढेच काढा."

इंद्रजीत गहिवरला. "साहेब, तुमच्यासारखं सरळ माणूस लई दिवसांनी भेटलं," म्हणाला आणि कागदावर सही ठोकली.

सामानाला चाळीस हजार कमी पडले, म्हणून बायकोच्या, रूपालीच्या, बांगड्या सोनाराकडं गहाण गेल्या. काम झालं. हाती आले नऊ लाख साठ हजार. चढवताना वीस टक्के दहा लाखांवर चढले होते, उतरताना बारा लाखांवरून उतरले. पण एवढ्या बारकाईनं बघायला तो काय कंजूष होता? त्यानं गवंड्यावर संशय घेतला, सिमेंटवाल्याशी भांडला, साडेसातीचीही चौकशी केली.

"मग माझ्या बांगड्या?" रूपालीनं विचारलं.

"कुणीतरी पैसे खाल्लेत," तो म्हणाला.

"तुम्हीच खाल्ले असते तर पोटात तरी दिसले असते." ती रडली नाही. तिनं काचेच्या बांगड्या भरल्या आणि तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही. त्याला लई लागलं ते.

चौथ्या दिवशी त्याला चूक उमगली: वीस टक्के फार कमी होते. आता तो तीस चढवतो आणि तीस उतरवतो. दहा लाखांच्या कामात नव्वद हजारांची तूट येते, पण तीस टक्के सूट म्हटल्यावर गिऱ्हाइकांची रीघ लागली आहे. सोन्याच्या बांगड्या मात्र सोनाराकडंच आहेत.

एवढं होऊनही इंद्रजीत बुडाला कसा नाही, असं तुम्हाला वाटेल. तो प्रामाणिक आहे. तूट दुसऱ्या गिऱ्हाइकावर टाकत नाही. ज्याची सूट, त्याच्याच गच्चीच्या सिमेंटातून ती भरून काढतो.

तुम्हीही घर दुरुस्त करून घेतलंत म्हणे, घासाघीस करून चांगले तीस टक्के सोडवलेत आणि पाहुण्यारावळ्यांत मिरवलंत. हुशार आहात. हॉलच्या कोपऱ्यातली ती ओल कशाची, म्हणून मागच्या आठवड्यात विचारत होतात ना?