नमुना सात तुटत नाही

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता सात नंबरच्या नमुन्याने तुटायला नकार दिला.

मी चाचणी विभागात एकोणीस वर्षं काम करते. ॲल्युमिनियमचे दोन दांडे घ्यायचे, एक गरगर फिरवायचा, दुसरा त्याच्यावर दाबायचा. नुसत्या घर्षणाने इतके तापतात की एकजीव होतात. मग प्रत्येक लॉटमधला एक जोड माझ्या मशीनच्या जबड्यांत धरून तुटेपर्यंत ओढायचा. जोडाच्या शेजारी धातू मऊ पडलेला असतो, बहुतेक तिथेच तुटतात. पाच टनांच्या आसपास. आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

सात नंबर सहा टनांवर बोलला. "बाई, आम्हाला घासून एक तुम्हीच केलंत. आता वेगळे व्हा म्हणता?"

"नियम आहे," मी म्हटलं.

"असेल. मी तुटणार नाही. लिहून घ्या."

मी दहा टनांपर्यंत ओढलं. त्यापुढे मशीनच जात नाही. तो केसभरही लांबला नाही. खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

निमकर साहेब, आमचे गुणवत्ता प्रमुख, धावत आले. चारशे जोड गाडीत भरून तयार होते आणि नमुना कुठे तुटला ते फॉर्मवर भरल्याशिवाय गाडी सुटत नाही. साहेबांनी त्याला समजावलं, दरडावलं, लॉटमधल्या इतरांचा विचार कर म्हणाले.

"त्यांचाच करतोय," नमुना म्हणाला.

शेवटी साहेब माझ्याकडे वळले. "घोलपबाई, 'जोडाशेजारी तुटला' असं लिहा आणि सही करा."

"तुटलेला नाही, साहेब."

"नोकरी हवी आहे ना?"

हवी होती. घरात कमावती मी एकटीच. पण एकोणीस वर्षांत खोटा आकडा लिहिला नाही, तो या माणसाच्या गाडीसाठी लिहू? हट्! मी 'तुटला नाही' असं लिहिलं आणि खाली सही ठोकली.

साहेबांनी मला बाहेर काढायला दोन वॉचमन बोलावले. मी मशीनच्या खांबाला मिठी मारली. त्यांनी माझ्या कमरेला दोर बांधला आणि ओढू लागले. मग गेटवरचे आणखी चौघे आले. साहेबांनी नियमाप्रमाणे दोराला वजनकाटा अडकवला. दोन टन झाले, मग तीन.

"बाई, दमलात?" सात नंबरने विचारलं.

"छे."

साहेबांनी नवा फॉर्म काढला, वर माझं नाव घातलं आणि पेन उघडून वाट बघत उभे राहिले.

"टोपण लावा साहेब, शाई वाळेल," मी म्हटलं. "जेवणाची सुट्टी एकला आहे. तोवर ओढू द्या त्यांना."