ज्याची बोंब, त्याचा माल

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ताईने चपला घालता घालता सांगितलं, "ऐक रे, आईची पांढरी गोळी डॉक्टरांनी बंद केलीये. चुकूनसुद्धा देऊ नकोस, चक्कर येऊन पडेल. फक्त पिवळी, अर्धी, जेवणानंतर. राहील ना लक्षात?"

"हो गं, राहील," आमचे मालक म्हणाले. मालक म्हणजे ज्यांच्या डोक्यात मी नोकरीला आहे ते. धंद्याने शिंपी, दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. हे आश्वासन त्यांनी आम्हाला कोणालाही न विचारता दिलं, हे प्रथम नोंदवून ठेवतो.

माझा हुद्दा संदेशवाहक आरएनए. हुद्दा लांबलचक, आयुष्य काही तासांचं. पेशीच्या मुख्य कार्यालयात मूळ नकाशे कुलूपबंद असतात. त्यातल्या एकाची नक्कल म्हणजे मी. ही नक्कल सिनॅप्सवर, म्हणजे दोन पेशी जिथे एकमेकींच्या कानाला लागतात त्या खिडकीवर, पोचली की तिथे प्रथिनं बनतात, खिडकी पक्की होते आणि गोष्ट लक्षात राहते. नाही पोचली, तर खिडकी ढिली ती ढिलीच.

ताईचं वाक्य एका खिडकीवर येऊन आदळलं. तिथल्या बाईंनी रीतसर मागणी पाठवली, दारावर कंदील लावला आणि वाट बघत बसल्या. मुख्य लिपिकांनी माझी नक्कल काढली, मधला फापटपसारा कापला, डोक्यावर टोपी चढवली, मागे शेपूट जोडलं. थट्टा नाही हो, नियमच तसा आहे.

"मागणी कुठल्या खिडकीची?" मी विचारलं.

"ते लिहायची पद्धत नाही."

"अहो, पुढे दहा हजार खिडक्या आहेत!"

"मग? पाकिटावर फक्त 'शाखा विभाग' एवढंच येतं. जिथे गलका असेल तिथे उतरायचं. जी खिडकी ओरडते, तिलाच गरज असते."

"आणि जी ओरडत नाही ती?"

"तिचं सगळं सुरळीत आहे, असं समजण्यात येतं," असं म्हणून त्यांनी माझं तोंड बांधलं. वाटेत कोणी बडबड करू नये म्हणून ही खबरदारी घेतात.

हमालाने माझा गठ्ठा रुळावरून ओढायला सुरुवात केली. थोड्याच वेळात बाईंची खिडकी आली. कंदील मिणमिणत होता. "अहो, ते माझंच असेल," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पांढरी गोळी बंद... सकाळचं आहे."

"किती वेळा सांगून गेले?" हमालाने विचारलं.

"एकदाच."

"एकदाच? बाई, एकदा सांगून कुठे कोणाचं काम झालंय? रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही." गाडी पुढे गेली. माझा जीव नुसता तुटत होता, पण बांधलेल्या तोंडाने काय करणार!

इकडे मालकांनी कात्री बाजूला ठेवून फोन हातात घेतला होता. कुठलीशी दोन अनोळखी माणसं गाडी लावण्यावरून एकमेकांच्या अंगावर धावून जात होती. मालकांनी ते भांडण पाहिलं, पुन्हा पाहिलं, ब्लाउजाचं माप द्यायला आलेल्या बाईंना दाखवलं, शेजारच्या इस्त्रीवाल्याला बोलावून दाखवलं. जेवणापर्यंत चौदा वेळा झालं. त्या भांडणाच्या खिडकीवर अशी बोंबाबोंब की विचारू नका. गाडी तिथेच थांबली.

गठ्ठा सुटताच मी ओरडलो, "हा माल गोळीवाल्या बाईंचा आहे!"

"पावती दाखवा."

"पावती नसते."

"मग आमचाच," म्हणून त्यांनी मला कामाला जुंपलंसुद्धा. खिडकी रुंद झाली. शेजारी दुसरी उघडली, ती केवळ भांडणातल्या लठ्ठ माणसाच्या हिरव्या शर्टासाठी. उल्लेखनीय प्रगतीबद्दल पुढचा मालही इकडेच वळवायचं ठरलं. साडेबाराला बाईंचा कंदील विझला आणि दप्तरी शेरा पडला: 'अर्जदाराची गरज संपली.'

जेवण झालं. मालकांनी डबी उघडली. आई पलंगावर टेकून बसल्या होत्या. मालकांनी आत तातडीने विचारणा केली: ताई काय म्हणाली होती? आमच्याकडून तत्परतेने उत्तर गेलं: 'रस्ता काय तुझ्या बापाचा आहे का?'

मालकांनी डोकं खाजवलं. काही आठवेना. शेवटी त्यांनी दोन्ही गोळ्या आईंच्या तळहातावर ठेवल्या.

आईंनी पांढरी उचलून त्यांच्या हातात परत दिली. "ही बंद केलीये ना?"

"तुझ्या कसं लक्षात राहिलं?"

"सकाळपासून वीस वेळा मनाशी घोकतेय. तुझा स्वभाव माहितीये मला." त्यांनी पिवळी मोडून अर्धी घेतली. "आणि ते काय पाहत होतास एवढं?"

मालकांनी चौदा वेळा पाहिलेलं भांडण उत्साहाने शब्दन् शब्द सांगितलं. आईंचा जीव वाचला म्हणून मला हायसं वाटलं, आणि आपल्या कारकिर्दीची लाजही वाटली. आता मला फाडायची वेळ झाली आहे. तक्रार नाही, माल नियमानुसारच पोचला.

हसताय? हसा की. पण तुम्ही हे वाचत असताना मघाशी आतल्या खोलीतून कोणीतरी तुम्हाला काहीतरी सांगितलं, आणि तुम्ही मान वर न करता "हो, हो" म्हणालात. काय सांगितलं होतं हो?