एन्जॉयला टू चालत नाही

बेंगळुरूच्या राजाजीनगरात मी भाड्याची खोली बघायला गेलो, तेव्हा घरमालकीण सुंदराक्कांनी विचारलं, स्वयंपाक करतोस का? छाप पाडावी म्हणून मी इंग्रजीत म्हणालो, "आय एन्जॉय टू कुक." किल्ली द्यायला पुढे आलेला त्यांचा हात मागे गेला.

"एन्जॉयला टू चालत नाही," त्या म्हणाल्या. "त्याला इंग लागतं. एन्जॉय कुकिंग. टूच हवा असेल तर वाँट घे. ज्याचं त्याला द्यावं रे."

मी तीनदा 'एन्जॉय कुकिंग' म्हटलं, तेव्हा किल्ली मिळाली.

अक्कांचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरूतलं. त्यांच्या मराठीत निम्मी कन्नड. मी बेळगावकडचा, त्यामुळे मला काही अडलं नाही. त्या एका वकिलाच्या कचेरीत तीस वर्षं टायपिस्ट होत्या. इंग्रजी क्रियापदांच्या त्यांच्या लेखी दोनच जाती, टूवाली आणि इंगवाली. समोरच्या फाटकावर 'अव्हॉइड टू पार्क' अशी पाटी लागली, तर भर दुपारी ब्रश घेऊन गेल्या आणि 'अव्हॉइड पार्किंग' करून आल्या. पाटीचा मालक तणतणत आला. त्याला कॉफी पाजून त्यांनी अव्हॉइडचा स्वभाव समजावला. पुढे मुलाच्या लग्नाची पत्रिका छापण्याआधी त्याने ती अक्कांनाच दाखवली.

मारतहळ्ळीच्या ऑफिसातले माझे महत्त्वाचे मेलही त्यांच्या नजरेखालून जायचे. एकदा आम्ही टेस्टिंग बंद केलंय असं कळवायचं होतं. मी लिहिलं, 'स्टॉप्ड टू टेस्ट'. याचा अर्थ तुम्ही टेस्टिंग करायला थांबलात, अक्का म्हणाल्या. साहेब तिकडे वाट बघत बसेल. स्वल्प बदल केला आणि मेल गेला. आमच्या घरमालकिणीसारखं इंग्रजी अख्ख्या ऑफिसात कुणाचं नाही, हे मी छाती फुगवून सांगायचो.

एका संध्याकाळी त्या माझ्या खोलीत आल्या. हातात दहावीला बाहेरून बसायचा फॉर्म. विद्यार्थ्याच्या नावाच्या जागी त्यांचंच नाव. जमिनीकडे बघत त्यांनी सांगितलं, की दहावीला त्या नापास झाल्या होत्या, तेही इंग्रजीत. वडिलांनी शाळा बंद करून टायपिंगला घातलं. पुढचं सगळं इंग्रजी त्या दुसऱ्यांची पत्रं टाइप करता करता शिकल्या.

"गणिताची भीती नाही मला," त्या म्हणाल्या. "इंग्रजीची वाटते."

परीक्षेला मी त्यांना स्कूटरवरून सोडत होतो. नातींच्या वयाच्या मुलींच्या रांगेत, कडक इस्त्रीच्या साडीत, त्या ताठ उभ्या राहायच्या.

निकाल मी मोबाइलवर बघितला. सगळ्या विषयांत पास, इंग्रजीत ब्याण्णव. अक्कांनी चष्मा पुसून निकाल तीनदा वाचला. मी म्हटलं, कुणाला कळवायचं, फोन लावून देतो. त्या आपल्या फोनमधली नावं वरखाली करत राहिल्या. यजमान गेलेले, दोन्ही भाऊ गेलेले, मूलबाळ नव्हतं. शेवटी फोन मांडीवर ठेवला.

"सरी, बरं, असं कर," त्या म्हणाल्या. "तू वर तुझ्या खोलीत जा आणि मला फोन कर."

मी वर गेलो. फोन लावला. खाली घंटी वाजलेली मला ऐकू आली.

"अक्का, तुम्ही पास झालात. इंग्रजीत ब्याण्णव."



"होय?" त्या म्हणाल्या. "परत एकदा सांग की रे."