राठोड मास्तरांचा पडाव

राठोड मास्तर कुठंही गेले की आधी आडवे होऊन बघत. खुर्ची पुढं केली तरी नको म्हणत. चपला काढायच्या, टोपी पोटावर ठेवायची आणि जमिनीवर उताणं पडून डोळे मिटायचे. मिनिटभरात उठून निकाल सांगायचा. यवतमाळात आम्ही नवं घर भाड्यानं घेतलं तेव्हा ते चहाला आले आणि थेट स्वयंपाकघरात आडवे झाले. बायको दुधाचं पातेलं हातात घेऊन भिंतीला चिकटून उभी.

"वैनीबाई," ते पडल्या पडल्याच म्हणाले, "जमीन उतरती हाये. पावसाचं पाणी या कोपऱ्यातून येईन अन् तुमच्या पिठाच्या डब्यापाशी थांबन."

माणूस ठार वेडा आहे, असं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं. आषाढात पाणी त्याच कोपऱ्यातून आलं आणि पिठाच्या डब्यापाशी थांबलं. माझं मत काही त्यानं बदललं नाही. उलट वैताग वाढला. वेड्यानं निदान खरं बोलू नये.

आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवत, मी गणित. घराणं बंजाऱ्यांचं. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख तुडवत. पुढं बैल गेले, तांडे एका जागी बसले, माणसं शेती करू लागली आणि राठोड मास्तर तर शिकून शाळेत आले. लग्न केलं नाही. घरात ते आणि म्हातारी आई. पण वाटेवरचा मुक्काम, ज्याला ते पडाव म्हणत, तो काही त्यांच्या अंगातून गेला नव्हता. झोळीत रंगपेटीशेजारी औषधाच्या धुतलेल्या चार-पाच बाटल्या असायच्या. दर रविवारी सायकल काढून ते कुठल्या तरी नाल्यावर जात, पाणी चाखत आणि आभाळाकडं बघून म्हणत, "येथं दाळ शिजन." किंवा, "येथं नाही शिजत." मग एक बाटली भरून बूच लावत. चित्रकलेच्या माणसाकडं पाणी असायचंच, म्हणून बाटल्यांचं आम्ही कधी कुणी विचारलं नाही.

कार्तिकात आवळीखाली जेवायला जायचा रिवाज आहेच. आम्ही चार मास्तरांची कुटुंबं त्याला जोडून दोन दिवस बाहेर मुक्काम करायचो. पहिल्या वर्षी जागा निवडायचं काम राठोड मास्तरांनी मागून घेतलं. घाटंजीच्या अलीकडं दिवस मावळता मावळता त्यांनी भाड्याच्या गाडीचे बैल सोडायला लावले.

"काहून सोडता?" गाडीवानानं विचारलं.

"बैल आपल्या मनानं जेथं बसंन, तेथं पडाव. जनावर खोटं बोलत नाही."

थोरला बैल शांतपणे चालत एका मोकळ्या मैदानात गेला आणि निंबाखाली बसला. मास्तर त्याच्या शेजारी आडवे झाले आणि एका मिनिटात पास म्हणाले. आम्ही सतरंज्या अंथरल्या. झोप झकास लागली, हे कबूल केलं पाहिजे. सकाळी डोळे उघडतो तर चहूबाजूंनी बाजार भरलेला. डावीकडं मिरच्यांचे ढीग, उजवीकडं दोरखंडं, आणि माझ्या सासूबाईंच्या उशाशी बसलेली एक बाई आमचं पितळी पातेलं वाजवून त्यांना विचारत होती, "केवढ्याले देता, बाई?" सासूबाईंनी अजून तोंडही धुतलं नव्हतं.

बैल दर आठवड्याला मालकाचा माल घेऊन घाटंजीच्या बाजारात येणारा होता. त्याची बसायची जागा वर्षानुवर्षं तीच. राठोड मास्तरांना याची तिळमात्र लाज वाटली नाही. "बैलाचं काय चुकलं?" ते मलाच विचारू लागले. "त्याले जागा ठाऊकच होती."

पुढच्या वर्षी जागा मी ठरवली. जंगलातला सरकारी बंगला. व्हरांडा, खाटा, गाद्या, स्वयंपाकाला खानसामा. परवानगीचा कागद खिशात घालून मी राठोड मास्तरांना सांगायला गेलो. खोटं कशाला बोलू, थोडी जिरवायचीही होती.

अंगणात त्यांची आई उघड्या जमिनीवर बसली होती. सत्तरीची, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, डोळ्यांवर सायीसारखं पांढुरकं आलेलं. मास्तर तिच्यासमोर उकिडवे बसून बाटलीतलं पाणी तिच्या ओंजळीत ओतत होते. तिनं घोट घेतला, तोंडात घोळवला आणि मान हलवली. "नोहे."

मास्तरांनी बाटली बाजूला ठेवली. बाजूला तशा बऱ्याच बाटल्या होत्या.

मला बघून म्हातारी आपणहून बोलू लागली. "माहा बापू नायक होता, बापा. तांड्याचा मुखिया. लहानपणी आमचा आखरीचा पडाव एका नाल्यावर पडला. तेथून पुढं बैल विकले अन् शेती धरली. गावाचं नाव मले माहीत नाही, लहान पोरीले कोण सांगते? पण पाणी याद हाये. जांभळीच्या मुळ्यांचं, तुरट. एक डाव तेथं निजावं वाटते. घरात छत अंगावर येते."

मास्तर मला फाटकापर्यंत सोडायला आले. तिथं हळूच म्हणाले, "डॉक्टर म्हनते, पुढच्या साली तिले काहीच नाही दिसनार. चार साल झाले धुंडून राह्यलो. आता एकच नाला राह्यला, कळंबच्या पुढं. बाटलीत पाणी शिळं होते, तिले धड उमगत नाही. तिलेच तेथं नेतो म्हनतो."

"मग न्या की. थांबलात कशाला?"

"एकट्या माणसाचा पडाव होत नाही, मास्तर. चार चुली लागतात."

मला माझीच लाज वाटली. खिशातला कागद खिशातच राहिला. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, तर ती डोळे पुसत म्हणाली, "बंगला काय पळून जातोय? पण त्यांना म्हणावं, या खेपेला बैलाला विचारू नका."

कळंबच्या पुढं रस्ता सोडून आम्ही त्या नाल्यावर पोचलो तेव्हा दुपार कलायची होती. काठावर जांभळी होत्या, खाली स्वच्छ वाळू. मास्तरांनी आईला उचलूनच गाडीतून उतरवलं आणि पाण्यापाशी बसवलं. पोरंसुद्धा वाळूतला खेळ सोडून भोवती गोळा झाली. म्हातारीनं ओंजळ भरली. एक घोट घेतला. मग दुसरा. मी आयुष्यात देवाकडं फारसं काही मागितलेलं नाही, त्या दिवशी मागितलं.

"नोहे," ती म्हणाली. "हे ते पाणी नोहे."

राठोड मास्तर नुसते उभे राहिले. चार वर्षांचे रविवार त्यांच्या तोंडावर दिसत होते. माझी बायको तोंड फिरवून गाडीतली भांडी उगाच मोजू लागली.

म्हातारीनं ओला हात जमिनीवर फिरवला, वाळू चिमटीत घेतली. "पाणी गोड हाये पण. जागा कोनं धुंडली?"

"म्या, याडी." आईला ते याडीच म्हणत.

"हे मानसं कोनाच्या मागं आले?"

मीच म्हणालो, "यांच्याच मागं आलो, आई."

"मंग?" म्हातारी एकदम कडाडली. "ते जागा माह्या बापूची होती. नायक पहिली चूल मांडते, त्याच्या नावाची जागा होते. हे तुही. मले पडावात निजाचं होतं, हा पडाव नोहे तं काय हाये? उभा काहून? चूल मांड!"

मग मात्र राठोड मास्तरांना पाहायला हवं होतं. तीन दगड त्यांनी स्वतः आणून रोवले. धूर कुठं जाईल, गाड्या कुठं लागतील, कोणाची सतरंजी कुठं पडेल, सगळं हात दाखवून सांगत सुटले. मला तर तीनदा जागा बदलायला लावली आणि मीही बदलली. चार चुली पेटल्या. पहिल्या चुलीवर तुरीची डाळ चढली. म्हातारी मधोमध बसून आवाजांवरून माणसं ओळखत होती, पोरांना बंजाऱ्यांच्या गोरबोलीत हाका मारत होती, आणि पोरं काही न कळता ओ देत होती.

सगळं झाल्यावर मास्तरांनी चपला काढल्या आणि आईच्या शेजारी आडवे झाले. टोपी पोटावर, डोळे मिटलेले. आम्ही सवयीनं निकालाची वाट पाहत उभे राहिलो. मिनिट गेलं. पाच मिनिटं गेली. टोपी संथपणे वर-खाली होत होती.

म्हातारीनं चाचपडत त्यांच्या कपाळावर हात ठेवला. "निजला," ती म्हणाली.

डाळ शिजली होती. पण त्यांना कुणी उठवलं नाही.