टिटवीची अंडी आणि पूरनिवारण खाते

मुलांनो, एका जंगलात एक नदी होती आणि त्या नदीसाठी एक पूरनिवारण खाते होते. पूर वर्षातून एकदा यायचा. खाते बारा महिने चालायचे.

नदीकाठी एक टिटवी राहायची. टिटवी जमिनीवरच अंडी घालते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पाऊस बेताचा असेल तर पाण्याजवळ, जास्त असेल तर उंचावर. तिची अंडी पाहूनच जंगल आपली बिळे कुठे खणायची ते ठरवी.

त्या साली टिटवी थेट टेकडीवर जागा शोधू लागली. झाले! ससे, उंदीर, मुंगसे, सगळे बिऱ्हाड घेऊन टेकडी चढू लागले.

खात्याचे प्रमुख गवासाहेब भडकले. "टिटवीबाई, पुराचा अंदाज कोण देतं? तुम्ही की खातं?"

"मी कुठं अंदाज देतेय साहेब? मी अंडी घालतेय."

"तेच ते! घबराट पसरते. शिवाय यंदा पूर नाही, असं आम्ही सिंहमहाराजांना कळवून बसलोय."

खात्याचा कारकून साळिंदर. त्याने अंगावरचाच एक काटा उपसला आणि हुकूम लिहिला : टिटवीने अंडी नदीपात्रातच घालावीत.

टिटवीचे डोळे भरून आले. मागच्या साली तिची अंडी सापाने खाल्ली होती.

"रडता काय? पूर आलाच तर सगळ्यांत आधी तुमची अंडी हलवू," गवासाहेब म्हणाले.

साहेबांचा शब्द! भोळ्या टिटवीने वाळूत चार अंडी घातली. ती पाहून सारे जंगल हसतखेळत खाली उतरले. साळिंदराने अहवाल लिहिला : टिटवीची अंडी खाली आहेत, सबब पूर येणार नाही. गवासाहेबांनी तो वाचला आणि त्यांचाही त्यावर विश्वास बसला.

मग आठ दिवस पाऊस कोसळला. टिटवी धापा टाकत कचेरीत आली.

"साहेब, पाणी अंड्यांना लागलं! हलवतो म्हणाला होतात ना!"

"पूर आला तर हलवू म्हणालो होतो. अंडी खाली असताना पूर येईलच कसा?"

"आणि अंडी वर नेली, तर पूर आल्यासारखं होईल साहेब," साळिंदर हळूच म्हणाला.

"बघा! म्हणजे आम्हीच पूर आणायचा का?"

टिटवी परतली तेव्हा वाळूही नव्हती आणि अंडीही नव्हती. ती पाण्यावर घिरट्या घालत ओरडत राहिली. ससे, उंदीर झाडांना लटकून जीव वाचवत होते.

पाणी ओसरल्यावर साळिंदर तिच्याकडे आला. सांत्वनाला आला असेल, असे तिला वाटले. त्याने तिच्यापुढे नोटीस ठेवली : सखल जागी अंडी घालून आपण खात्याची दिशाभूल केली. सबब पूर आपल्यामुळे आला, असे का समजू नये?

तात्पर्य : पुराची चाहूल आधी लागली तरी गप्प बसावे. पाणी ओसरते, पूर मात्र ज्याने आधी ओळखला, त्याच्याच नावावर राहतो.